मुंडा हात

प्रमिलाबाईनं पहिला दात पाडला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. दात अर्थातच दुसरीचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पांझरा नदीच्या दोन्ही काठांवर दोन गावांच्या मुली गौराई घेऊन उतरायच्या, आधी एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या आणि मग दगड उचलायच्या. रीतच होती ती, कुणी मनावर घेत नसे. बाकीच्या पोरी दगड नुसते भिरकावत. प्रमिला नेम धरायची. पलीकडं एक पोरगी तोंड दाबून खाली बसली, तेव्हा अलीकडच्या बायांनी हिला खांद्यावर घेतलं. एवढं कौतुक झाल्यावर उजवा हात कशाला गप्प बसतो?

लग्न होऊन ती धुळ्यात देवपूरला आली. नवरा भटू रिक्षा चालवायचा, हिची वांग्या-मिरच्यांची हातगाडी. भटू मुखदुर्बळ, त्यामुळे दोघांच्या वाटचं तीच बोलायची आणि दोघांच्या वाटचं तीच मारायची. एकदा बाजारात एकानं गर्दीचा फायदा घेऊन तिच्या कमरेला हात लावला. तिनं तराजूतलं किलोचं वजन उचललं आणि त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज ऐकून शेजारची कोथिंबीरवाली रडायला लागली. प्रमिलाबाई पुढच्या गिऱ्हाइकाला मिरच्या मोजत होती.

चाळिशी ओलांडली आणि तिच्या किडन्यांनी हात टेकले. रक्तदाब कधीचा वाढलेला; पण डोकं ठणकलं की हिला वाटायचं, राग आलाय. दवाखान्यात मानेत नळी घालताना तिनं डॉक्टरच्या पोटात गुडघा मारला. चौघांनी धरली, तेव्हा नळी बसली. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास, मशीन तिचं रक्त बाहेर काढून धुऊन परत आत सोडू लागलं.

मशीन चालवणारी हेमांगी तिच्या लेकीच्या वयाची. तिला शिव्या खायची सवय होती. ती एकदा सरळच म्हणाली, "अक्का, मानेतली नळी काही दिवसांची. तिच्यातून जंतू थेट रक्तात शिरतात आणि माणूस जातो. हातात फिस्टुला करून घ्या. धमनी आणि शीर एकमेकींना शिवतात, शीर फुगते, मग तिच्यातच सुया घालता येतात. तुमचीच शीर, वर्षानुवर्षं टिकते. पण त्या हाताला जपायचं. सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, घड्याळ नाही, बांगडी नाही."

डाव्या हातात फिस्टुला झाला. दोन महिन्यांत शीर बोटाएवढी जाड झाली आणि आत पिठाची गिरणी चालल्यासारखी घरघर लागली. सुया दाभणासारख्या. पहिल्या सुईला तिनं हेमांगीला जी शिवी घातली तिचा अर्थ हेमांगीनं घरी जाऊन आईला विचारला, आईनं सांगितला नाही.

मग आली मागच्या वर्षीची आखाजी. प्रमिलाबाई माहेरी गेली. माहेरवाशिणीनं मुंड्या, बिनबांगड्यांच्या हातानं झोक्यावर बसायचं म्हणजे काय? वहिनीनं हौसेनं दोन्ही हातांत डझन डझन बांगड्या भरल्या. साऱ्या जगाला नाही म्हणणाऱ्या बाईला वहिनीच्या मायेला नाही म्हणता आलं नाही. बांगड्या घट्ट होत्या, दिवसभरात हात सुजला, वर ती त्याच कुशीवर झोपली. सकाळी गिरणी बंद. शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. पुन्हा मानेत नळी. यावेळी नळीच्या तोंडाशी पू झाला आणि थंडी वाजून असा ताप चढला की चौदा दिवस ती खाटेवर उडत होती. वहिनी उशाशी बसून रडायची आणि ही तापातही तिलाच समजवायची.

वाचली. मग उजव्या हातात फिस्टुला केला, कारण डाव्या हाताच्या वरच्या शिरा सलाइनच्या सुयांनी जळून गेल्या होत्या. डॉक्टरनं आडपडदा ठेवला नाही. "ही शेवटची चांगली शीर. ही गेली तर प्लास्टिकची नळी शिवून बघू, पण तुमच्या शिरांना ती झेपेल असं मला वाटत नाही. मानेतली वाटही आता अरुंद झालीय." म्हणजे तो हात होता तोवर ती होती. तिनं हे नीट ऐकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा घाबरली.

बाजाराला बातमी लागायला वेळ लागत नाही. ज्यांनी ज्यांनी मार खाल्ला होता ते एकेक जण तिच्या गाडीला धक्का देऊन जाऊ लागले. ती उजवा हात उराशी धरायची, दात खायची आणि उभी राहायची.

यंदा आखाजीच्या चार दिवस आधी भटूची रिक्षा पलटी झाली. पायाचं हाड मोडलं, प्लास्टर लागलं. सासू केसरबाई गावाहून आली ती नणंदेला, मेघाला, सोबत घेऊन, आणि मेघाच्या पिशवीत हिरव्या बांगड्या होत्या.

"मुंडा हात लिसन सवाशीन फिरस का कोठे?" केसरबाई दारातूनच ओरडली. "म्हनीसन मना आंडोरना पाय मोडना. आते जीवच जावाले पाहिजे का तेना?"

"डाव्या हातमा भरा कितीबी. या हातले हात लावू नका, आत्याबाई."

"एक हात भरेल, एक मुंडा? आरधी रांडमुंड व्हवानी शे का तुले?"

भटू खाटेवरून म्हणाला, "चार बांगड्या त शेत. घाली ले ना."

मेघानं मागून तिला घट्ट मिठी आवळली. प्रमिलाबाईनं डोकं मागं फेकलं. मेघाचं नाक फुटलं. पण मेघाही त्याच मातीतली. तिनं डावा हात पकडून अंगठा असा पिळला की कट्कन आवाज आला. दोघी भांड्यांच्या मांडणीवर आदळल्या, डबे कोसळले, पीठ उधळलं. प्रमिलाबाईनं लाथ मारली, चावली, थुंकली. फक्त उजवा हात उगारला नाही. तोच तेवढा तिनं बाजूला, पांगळ्या पोरासारखा जपून धरला होता, आणि म्हणून तोच केसरबाईच्या हाती सापडला. म्हातारीनं पंजा आवळला आणि एक, दोन, तीन, चार बांगड्या रेटून फुगलेल्या शिरेवर चढवल्या.

तेव्हा प्रमिलाबाईनं तुटका अंगठा विसरून डाव्या हातानं सासूची वेणी धरली आणि तिचा कान खसकन आपल्या उजव्या हातावर दाबला.

"ऐक! हाई वाजस ना, तेनावर मी जित्ती शे. हाई बंद पडनं का मी गई. मंग तुना आंडोरले कोन संभाळी, तू?"

केसरबाई सुटायला धडपडली, आणि मग धडपडायची थांबली. कानाखाली घरघर चालू होती, पण अडखळत.

"काढ," प्रमिलाबाई म्हणाली.

निघेनात. झटापटीत पंजा सुजला होता. साबण झाला, तेल झालं. आता एकच उपाय उरला, आणि तो तोंडानं म्हणायचीही चोरी. आपल्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि सासूनं सुनेच्या हातातल्या बांगड्या फोडायच्या त्या कधी, हे साऱ्यांना ठाऊक. मेघा नाकाला पदर लावून बाहेर पळाली. प्रमिलाबाईच्या अंगठ्यात जोर नव्हता. तिनं रिक्षातली पक्कड सासूपुढं टाकली. काच आत घुसली तर रक्ताची पिचकारी छताला लागली असती, म्हणून तिनं बांगडीखाली फडक्याची घडी सरकवली.

केसरबाईनं पक्कड उचलली आणि परत खाली ठेवली. समोर खाटेवर पोटचा पोरगा जिवंत बसलेला. "माले नही व्हवाव," ती रडत म्हणाली. "मना आंडोर जित्ता शे वं."

भटूनं मान वर केली. "फोड, माय. मी काही मरस नही."

पहिली बांगडी फुटली. मग दुसरी, तिसरी. चौथीला काचेचा कपरा उडून म्हातारीच्याच तळव्यात घुसला. तिनं तो दातांनी उपटला. प्रमिलाबाईनं शिरेवर बोटं ठेवली. घरघर सरळ झाली होती.

केसरबाई उठली, खाटेपाशी गेली, आणि त्याच रक्ताळलेल्या हातानं भटूच्या कानाखाली वाजवली.

"हाई पयले बोलता येत नव्हतं का रे, मुडद्या?"

भटूच्या गालावर पाच बोटं लाल उमटली. प्रमिलाबाईनं पिठात पडलेलं फडकं उचललं, झटकलं आणि सासूचा तळवा बांधायला घेतला.