नॉरीनचं पाणी

नॉरीन क्रूझमार्क ताटली आधी पावाच्या तुकड्यानं पुसायची, मग कागदाच्या कपट्यानं, आणि शेवटी फवाऱ्याच्या बाटलीतून तिच्यावर चार फवारे मारायची. पाचवा लागलाच, तर चूक स्वयंपाकाची. रस्सा जास्त झाला, म्हणायची.

हीच बाई नेब्रास्कातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं साडेचारशे मुलांच्या ताटल्या धूत होती. तिथं सकाळी सोडलेली धार दुपारी तीनला बंद व्हायची. "तिथल्या एका दिवसात माझं इथलं वर्षाचं पाणी वाहून जायचं," ती सांगायची. तिच्या आवाजात पश्चात्ताप नसे. तो कुणा दुसऱ्याच बाईचा इतिहास असल्यासारखी बोलायची.

निवृत्तीनंतर ती आणि तिचा नवरा डेल्बर्ट घर विकून ॲरिझोनाच्या वाळवंटात आले. पिकअपच्या मागं ओढायचा एक जुना ट्रेलर, हेच घर. इथं सरकारी जमिनीवर राहणं फुकट आहे, पण नळ नाही, वीज नाही, गटार नाही. ट्रेलरच्या पोटात चाळीस गॅलनची टाकी. नॉरीन ती दोघांना चौदा दिवस पुरवायची. आंघोळ सोमवारी आणि शुक्रवारी. अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण लावायचा, नळ चालू, पुन्हा बंद. गरम पाणी येईपर्यंत जे थंड येतं ते पातेल्यात धरायचं, त्याची कॉफी. पाय धुतलेलं पाणी संडासात. माझी व्हॅन तिथून शंभर पावलांवर होती. मीही असाच जगत होतो, पण तिच्यासमोर मी उधळ्या.

तिसऱ्या वर्षी डेल्बर्टचं डोकं विझायला लागलं. तो नळ उघडायचा आणि विसरून निघून जायचा. एका दुपारी तिचा डोळा लागला तेवढ्यात बारा गॅलन गेले. ओमाहाहून मुलीचा फोन आला: बाबांना वृद्धाश्रमात ठेव.

"तिथं खुर्चीला बांधून ठेवतात," नॉरीन मला म्हणाली. "माझं पाणी पुरतंय तोवर तो माझ्याकडे."

म्हणून तिनं पंपाचं बटण हाती घेतलं. ट्रेलरमध्ये पंप चालू असेल तरच नळाला पाणी येतं. बटण वरच्या कपाटाच्या आत होतं. स्वतःला पाणी हवं तेव्हा ती ते दाबायची, एरवी बंद.

वाळवंटात आवाज लांब जातो. कुणाचा पंप किती वेळ घरघरला, हे शेजाऱ्यांना ठाऊक असतं.

"काय गं, काल दोनदा पंप चालला. लॉटरी लागली का?" पलीकडच्या ट्रेलरमधल्या एल्डननं तिला एकदा विचारलं.

"डेलचं डोकं धुतलं. तुझ्यासारखं टक्कल असतं तर ओल्या फडक्यावर भागलं असतं, एल्डन."

एप्रिलची सुरुवात होती. बाकीचे ट्रेलर उन्हाला भिऊन उत्तरेकडे गेले होते. त्या सकाळी आठला ती कॅन घेऊन गावात पाणी भरायला निघाली. डेल्बर्टला नेत नसे. चालत्या गाडीचं दार उघडायचा.

"जरा कान ठेव," तिनं खिडकीतून सांगितलं. "तासाभरात येते."

"पंप बंद केलास?"

"मग? चालू ठेवला तर परत येईपर्यंत आत बदकं पोहतील. टेबलावर दोन बाटल्या भरून ठेवल्यात."

मी कान ठेवला. नऊ वाजले, दहा, अकरा. पंपाचा आवाज नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतकी वर्षं असं काढल्यावर न झालेला आवाज ही चांगलीच बातमी वाटते. तो झोपला असेल, म्हटलं.

साडेबाराला ती आली नव्हती, तेव्हा मी उठलो.

आत भट्टी होती. डेल्बर्ट सिंकपाशी उभा होता. नळ पूर्ण उघडा, त्याखाली त्यानं कप धरलेला. टेबलावरच्या बाटल्यांची झाकणं तशीच घट्ट. त्याच्या लेखी पाणी नळातून येतं. ओठ पांढरे पडून फुटले होते.

"येतंय," तो मला म्हणाला. "लांबून यायचं असतं ना."

"कधीपासून उभा आहेस, डेल?"

"ए, मागं हो. नंबर माझा आहे."

मी बटण दाबलं. नळ खोकला, धार आली. कप भरताना तो बघत राहिला. प्यायला मात्र नाही. जागच्या जागी खाली बसला आणि कलंडला.

त्याला व्हॅनमध्ये घालून मी गावाकडे सुटलो. पाणी भरायच्या जागेजवळ नॉरीनची पिकअप बॉनेट उघडून उभी होती. बॅटरी मेलेली. माझी व्हॅन बघितल्यावर ती धावत आली. आत चढली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि सिंकपाशी काय दिसलं ते मी तिला वाटेतच सांगितलं.

तिथली नर्स तरुण होती. सलाईन लावून झाल्यावर तिनं फॉर्म काढला. "घरात पाणी होतं का?"

"होतं," मी म्हणालो. "पंप बिघडलाय. कालपासून..."

"पंप चांगला आहे," नॉरीन म्हणाली. "मी बंद केला होता."

नर्सचं पेन थांबलं. "म्हणजे मॅडम, चुकून राहिला का?" तिनं हळूच विचारलं. तिला वाट करून द्यायची होती.

"नाही. रोज करते. उद्याही केला असता."

नर्स म्हाताऱ्यांच्या देखभालीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याला फोन करायला आत गेली.

"तोंड बंद ठेवता येत नव्हतं?" मी तिच्यावर चिडलो. "आता नेतील त्याला."

"नेऊ देत."

"बांधतील म्हणत होतीस ना?"

"मी वेगळं काय केलं?" ती म्हणाली. "साडेचार तास उभा होता तो."

गुरुवारी दवाखान्यात वृद्धाश्रमाची गाडी आली. दोन माणसं होती, कामाच्या घाईत. नॉरीननं त्यांना एक कागद दिला. दाढी कशी करून घेतो, रात्री दिवा कुठला लागतो, असं बरंच होतं. सगळ्यात खाली लिहिलं होतं: नळ उघडा ठेवतो, ठेवू द्या.

त्यांतल्या एकानं कागद न वाचता घडी घालून खिशात टाकला आणि डेल्बर्टच्या चाकांच्या खुर्चीचा पट्टा ओढून बघितला.