भानूताईची पत्रावळ

माझी थोरली बहीण भानुमती हिच्या हातचे रोडगे खाल्ल्याशिवाय नर्मदेकाठच्या भेडाघाटची जत्रा झाली, असं आमच्या दीक्षितपुऱ्यात कोणी मानत नसे. मी, कुंदा, तिच्याच घरी राहत होते. कार्तिक पौर्णिमेला आमची बैलगाडी पहाटे निघायची. टोपल्यांत वांगी, पोत्यात पीठ आणि पोत्यावर मी. घाटाजवळ चार बांबू रोवून वर कापड ताणलं की झाली आमची खानावळ. ताई गोवऱ्यांच्या विस्तवावर कणकेचे रोडगे भाजायची आणि तिचे यजमान, शालिग्रामभाऊजी, पत्रावळी मांडून वाढायचे. "अजून एक घ्या," असं ते इतक्या गोड आवाजात म्हणायचे की पोट भरलेला माणूसही फसायचा. बावीस वर्षांत भाऊजींनी चुलीत साधी काडी सारली नव्हती. ताई मात्र सगळ्यांचं आटोपल्यावर उरलंसुरलं खायची.

मानमोडीच्या साथीत ताई मरता मरता वाचली. तेव्हा भाऊजी कोणाला न विचारता नवस बोलले होते, की ही उठली तर नर्मदेची परिक्रमा करीन. दोन वर्षांनी, १९२० च्या कार्तिकी एकादशीला, ते आमच्याच काठावरच्या ग्वारीघाटावरून निघालेही. नदी उजव्या हाताला ठेवून उगमापर्यंत जायचं, तिथं वळसा घालून पलीकडच्या काठानं समुद्र गाठायचा आणि आमच्या काठानं परत यायचं. तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. मधे नदी ओलांडली की नवस मोडला. त्यात भाऊजींनी आपली भर घातली, दुसऱ्याच्या हातचं शिजलेलं खायचं नाही.

जत्रा चार दिवसांवर आणि हा माणूस झोळी घेऊन चालता झाला. ताईचा पारा असा चढला की विचारू नका.

"नवस माझ्यासाठी, अन् एकटी पडली कोण? मीच! आता जन्मात बोलणार नाही त्यांच्याशी," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी दिवाळीत एका साधूबरोबर भाऊजींचा निरोप आला. चातुर्मास मंडल्याकडे काढला, एकादशीला तिथून निघतो, पौर्णिमेला भेडाघाटच्या समोरच्या काठावर पोचेन. चार दिवसांत तेवढं अंतर तोडायचं म्हणजे पायांचे तुकडे पडणार. ताई म्हणाली, "येऊ दे. मी पाहणार नाही."

पण जत्रेच्या पहाटे तिनं पाटोड्या केल्या, भाऊजींच्या आवडीच्या. म्हणे गिऱ्हाइकांसाठी. गिऱ्हाइकांसाठी पितळी डब्यात?

दुपारी भाऊजी दिसले. पलीकडच्या खडकावर पांढरं धोतर, हातात काठी. हात हलवत नव्हते, नुसते आमच्या धुराकडे पाहत उभे होते. ताई मान खाली घालून रोडगे फिरवत राहिली. घटकाभर मी सोसलं, मग माझंच डोकं फिरलं.

"ताई, त्यांना नदी ओलांडता येत नाही. तुला काय अडचण आहे?"

तिनं चिमटा टाकला, डबा उचलला आणि घाटाकडे निघाली. खानावळ आमच्या गाडीवान पुंडलिकच्या गळ्यात टाकून मी मागे धावले. नावाडी ओरडला, "जल्दी बैठो, बाई!"

पलीकडे उतरल्यावर ताईनं डबा पुढे केला. तोंडातून शब्द नाही. भाऊजींनी डब्याला हात लावला आणि मागे घेतला.

"भानू, शिजलेलं चालत नाही मला."

ताईनं पाठ फिरवली आणि नदीकडे तोंड करून बसली. मला भाऊजींचा असा राग आला! पण ते खाली बसले, गोवऱ्या पेटवल्या, झोळीतून पीठ काढलं, मळलं. बोटांवर भाजल्याचे डाग होते. तीन रोडगे वळले, तीन तऱ्हेचे, आणि विस्तवात ठेवले. जरा वेळानं करपल्याचा वास सुटला. ताईची मान थोडी वळली, मग आणखी वळली.

"अहो, पलटवा तो! जळून राहिला!"

वर्षभराचा अबोला त्या रोडग्यानं मोडला. भाऊजींनी घाईघाईनं पलटवला, पुन्हा बोट भाजून घेतलं. मग पळसाचं पान धुऊन ताईपुढे मांडलं आणि त्यातल्या त्यात बरा रोडगा त्यावर ठेवला.

"तुम्ही घ्या आधी," ताई म्हणाली.

"नाही. आज तू बस."

तिनं घास घेतला.

"मीठ बरोबर आहे?"

"कमी आहे." पण तिनं अख्खा संपवला.

"अजून एक घे," भाऊजी म्हणाले, त्याच गोड आवाजात.

ताईनं पदरात तोंड लपवलं. बावीस वर्षांत तिला सगळ्यांच्या आधी कोणी वाढलं नव्हतं, आणि एकाच घरात राहून माझ्या ते कधी ध्यानातही आलं नव्हतं. मीही रडले, त्यात लपवायचं काय?

नावेत पाय ठेवताना ती वळून म्हणाली, "परतीला आमच्याच काठानं याल. त्या दिवशी चूल मी पेटवणार नाही, सांगून ठेवते."

१९२४ साली, माघ सरता सरता, भाऊजी आमच्या काठानं आले. दाढी छातीपर्यंत, अंगावर नुसती हाडं. परिक्रमा पुरी व्हायला ग्वारीघाटापर्यंतची वाट तेवढी उरली होती. भेडाघाटावर ना जत्रा, ना गिऱ्हाईक. ताई तीन दिवसांपासून मला घेऊन तिथं मुक्कामाला होती. त्या दिवशी तिनं सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. न पेटवलेल्या गोवऱ्यांशेजारी ती रिकामी पत्रावळ मांडून बसली होती.

"उशीर केला," ती म्हणाली. "भूक लागून राहिली."