सुरेखानं वाणात बंदुकीचा खेळ दिला

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या गल्लीत पोरांना बंदूक चालवायला शिकवणारी एकच बाई आहे, सुरेखा. खोटी बंदूक, घाबरू नका. तिचं कंप्युटरवर खेळ खेळायचं दुकान आहे. पोरं तिथं तासावर बसतात, कानाला ते हेडफोन लावतात अन् एकमेकांना गोळ्या घालतात. मग बाहेर येऊन त्याच मेलेल्याच्या खांद्यावर हात टाकून वडापाव खायला जातात. माझी शाळा चौथीत सुटली, पण एवढं मला कळतं की खरी भांडणं अशी संपत नाहीत.

सुरेखा मूळची फर्दापूरची. लेणी बघायला येणाऱ्या लोकांसाठी तिच्या वडिलांचं चहाचं हॉटेल होतं. त्यामुळं माणूस कुठल्याही मुलखाचा असो, ती बुजत नाही. लग्न होऊन इथं आली तेव्हा तिच्या नवऱ्याचं, कडुबाचं, नेटचं दुकान जोरात होतं. निकाल बघायला, नोकरीचे अर्ज भरायला रांग लागायची. पुढं ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आला अन् रांग संपली. मग कडुबाच हार्टनं गेला. दीर म्हणाले, "वहिनी, मशिनी विकून टाका, गावाकडं या." ती म्हणाली, "मशिनी राहू द्या. तुम्ही या अधनंमधनं."

मशीन उघडून आतली धूळ काढायला ती शिकली. पोरांना काय लागतं ते कळावं म्हणून खेळायला बसली, अन् थोड्याच दिवसांत पोरं तिलाच भ्यायला लागली. मी भाजी आणायला जाताना आतला आरडाओरडा ऐकू यायचा, "मावशी, पीछे! पीछे देखो!"

"तू अपना देख रे," सुरेखा म्हणायची, की लगेच ठो.

आशाबाई, आमच्या समोरच्या, म्हणायच्या की ह्या खेळांनी पोरं बिघडतात. माझा धाकटा भाऊ नुसत्या गोट्या खेळून बिघडला होता, त्यामुळं मी काही बोलायची नाही.

आता दुसरी गोष्ट. हे खेळ विकत घ्यायचे असतात. सुरेखा घ्यायची नाही. कुणीतरी कुठून तरी उतरवून आणायचं, तिच्याकडं यायचं, तिच्याकडून पोरांच्या पेनड्राईव्हवर जायचं. ह्याला चोरी म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. उलट्या बाजूनं गाडी घालणाऱ्यालाही सगळं ठाऊक असतं. पण सगळेच घालतात म्हटल्यावर तो रस्ताच होतो.

गेल्या संक्रांतीला माझी नातसून तनुजा म्हणाली, "आजी, आपल्याकडं हळदीकुंकू करू. सगळ्यांना बोलवायचं. नवरा असो, नसो."

तनुजा माझ्या सोमनाथची बायको. पुण्याच्या एका छोट्या कंपनीचं काम घरी बसूनच करते. काय काम, ते मी कधी विचारलं नव्हतं. दिवसभर पडद्यावर भिंती रंगवायची एवढं दिसायचं.

मी स्वतः कुंकू लावणं कधीच सोडलं होतं. सुरेखाला तर कडुबा गेल्यापासून कुणी ह्या कार्यक्रमाला विचारलंच नव्हतं. आली तेव्हा दारातच उभी राहिली. तनुजानं हाताला धरून आत आणलं अन् तिच्या कपाळाला कुंकू लावलं. आशाबाईंनी तोंड वाकडं केलं, पण तिळगूळ दोनदा घेतला.

त्या बाईला इतका आनंद झाला, की तिनं पुढच्याच आठवड्यात स्वतःचं हळदीकुंकू ठेवलं. दुकानातच. कंप्युटरवर धुतलेल्या चादरी टाकल्या, खुर्च्या भिंतीला लावल्या, दारात रांगोळी. अन् वाण काय, तर पेनड्राईव्ह! इतर बायका डबी देतात, फणी देतात. हिनं लोखंडी पेनड्राईव्ह आणले अन् भांड्यांवर नावं टाकणाऱ्याकडून त्यांच्यावर कोरून घेतलं, 'श्रीमती सुरेखा साबळे यांजकडून', खाली दुकानाचं नाव, फोन नंबर.

"आत काय आहे गं?" मी विचारलं.

"लेकरांसाठी खेळ घातलाय, आत्या. वाणाचं भांडं रिकामं कसं द्यायचं?"

घरी आल्यावर सोमनाथनं ते लॅपटॉपला लावलं. पडद्यावर किल्ला उभा राहिला, बंदुका वाजायला लागल्या. तनुजा पोळ्या करत होती, ती पिठाच्या हातानं येऊन उभी राहिली. सोमनाथची गोळी भिंतीला लागली, भिंतीचा टवका उडाला.

"हा टवका माझा आहे," ती म्हणाली.

मला वाटलं पोरीला ताप आला. मग तिनं सांगितलं. ह्या खेळातल्या भिंती, पायऱ्या, शेवाळ, सगळं तिनं काढलेलं. पडेगावच्या रस्त्यानं ती दौलताबादला सारखी जायची, मी म्हणायची नवी नवरी फिरतेय. ती दगडांचे फोटो काढत होती. खेळ बाजारात आला, विकला कमी गेला अन् खेळला मात्र गावोगाव. पुढचा भाग काढायचा की माणसं कमी करायची, असं तिच्या कंपनीत चाललं होतं. अन् फुकटची कॉपी कुठं दिसली तर कळवायची, असा सगळ्यांना हुकूम होता. कळवलं की वकिलाची नोटीस जाणार. नाव-नंबर तर सुरेखानं स्वतःच कोरून दिलेला. चोरानं घरफोडी करून आपलं आधारकार्ड ठेवून जावं, तसं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दुकानात गेलो. तनुजानं सगळं सांगितलं. सुरेखाच्या हातातला कपडा हातातच राहिला.

"पण मी विकलं नाय गं. एक रुपया घेतला नाय. वाण दिलं."

"काकू, कायद्यात वाटणंसुद्धा बसत नाही."

"मग ह्या पोरांनी घ्यायचं कुठून? ह्यांच्या बापांची ऐपत हाय का? तुझा सोमनाथ कंप्युटर शिकला तो माझ्या दुकानात, असल्याच कॉप्यांवर. आज नोकरीला हाय!"

"ते खरंय," तनुजा म्हणाली. "पण मी दोन वर्षं भिंती काढल्या, तेही खरंय."

मी मध्ये पडले. "तनुजा, विरजण मागायला कुणी आलं तर आपण देतो. आपलं दही कमी होतं का?"

"आजी, विरजण नेणारा दूध स्वतःचं घेतो. इथं दह्याचं आख्खं पातेलं जातंय अन् गवळी उपाशी बसलाय."

मला पूर्ण पटलं नाही. कॉपी नेली तरी आपल्याकडचं पातेलं भरलेलंच राहतं, त्याचं काय करायचं?

"कळवलं तर माझं दुकान जाईल?" सुरेखानं विचारलं.

"जाऊ शकतं. वाटलेलं परत घेतलं, इथलं पुसलं, तर मी साहेबांना तसं सांगेन. ऐकतील की नाही, माहीत नाही. पण लपवणार मी नाही, काकू."

सुरेखा खुर्चीत बसली. "वाण परत मागू? मी? इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कुणी माझ्या हातचं घेतलं. परत मागायला गेले तर म्हणतील, हिच्या हातचं घ्यायलाच नको होतं."

तनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. कायदा तिच्या बाजूचा होता, तरी आलं. तिनंच तर कुंकू लावलं होतं.

मग सुरेखाच उठली. "भांडं त्यांच्याकडंच राहू दे. आतलं तेवढं काढू. चल, तुझा लॅपटॉप घे."

अशा आम्ही तिघी घरोघर हिंडलो. तनुजा लॅपटॉप उघडायची, सुरेखा स्वतःच्या हातानं पुसायची अन् पेनड्राईव्ह परत त्या बाईच्या हातात ठेवायची. घरातली पोरं वैऱ्यागत बघायची. रथसप्तमी व्हायची होती, म्हणून प्रत्येक घरात आम्हाला हळदीकुंकूही लागलं, अगदी सुरेखालासुद्धा. आशाबाईंना सगळं खरं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमच्या नातवानं तो खेळ कधीच दोस्तांना वाटून टाकला. काय पुसणार आता? आभाळ?"

तनुजा हसत सुटली. रडण्यापेक्षा बरं म्हणून असेल.

त्या संध्याकाळी ती कंपनीला लिहायला बसली. सुरेखा शेजारी. तनुजा म्हणाली, "काकू, नुसतं 'एका दुकानात' असं लिहू का?"

"नाव लिही. झाकून ठेवलं की तुझ्या मानेवर ओझं अन् माझ्याही."

नोटीस आली. खटला नाही, पण कडक होती. दुकानातल्या सगळ्या मशिनी साफ करायच्या, पुन्हा कॉपी दिसली तर मात्र कोर्ट. सुरेखानं तो एकच नाही, असले सगळेच खेळ काढून टाकले. जे फुकट मिळतात ते अन् दोन-तीन विकत घेतलेले, एवढेच ठेवले. भाव थोडा वाढवला. निम्मी पोरं दुसरीकडं गेली. तिकडं सगळं मिळतं, असं तीच पोरं येऊन तिला सांगतात.

"वाईट वाटतं का गं?" मी परवा विचारलं.

"व्हय. लई," ती म्हणाली. "तनुजावर दोन महिने राग होता, आत्या. मग तीच रविवारी येऊन बसायला लागली. म्हणते, तुमचा नेम बघायचाय."

तनुजाच्या कंपनीचा पुढचा भाग निघेल की नाही, ते अजून ठरत नाही. सुरेखाचं शटर मात्र रोज वर असतं. आतली पोरं ओरडतात. पूर्वीपेक्षा कमी, पण ओरडतात.