अर्धा धवला

"नवरीचं नाव सांग आदी, मंग गाते." गाणं म्हण म्हटलं की डोळखांबकडची आमची धवलारीण हेच म्हणायची. लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवले गाणारी बाई ती. नवरीशिवाय धवला तोंडातून काढायची नाही, आणि काढला की मध्ये सोडायची नाही. धवला अर्धा राहिला तर संसार अर्धा राहतो, ही तिची पक्की समजूत.

पुढे हळदीला डीजे आले आणि तिला बोलावणी कमी झाली. "मास्तर, माज्या मागं ह्ये कोन म्हनंल? पोरी लाजतात," एवढंच तिला खुपायचं. टीव्हीवर दिसली तर पोरी ऐकतील, असं मला वाटलं. टीव्हीवरच्या गाण्याच्या एका स्पर्धेची निवडफेरी कल्याणला होती, तिथं मीच तिला घेऊन गेलो. बाई नवं लुगडं नेसून, परीक्षकांसाठी नाचणीचे लाडू घेऊन निघाली.

असले कार्यक्रम तुम्हीही पाहता, तेव्हा पुढचं ओळखलंच असेल. गाण्याआधी कॅमेऱ्याला कहाणी हवी होती.

"आजी, घरी फार हाल असतील ना?"

"हाल कसलं? भात हाय, म्हस हाय, सून गुनाची हाय."

"एखादं दुःख?"

"हाय की. पन तुला कशाला सांगू?"

मला हसू आवरेना.

परीक्षकांसमोर तिनं विचारलं, "नवरी कोन?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी कागद सांभाळणाऱ्या एका मुलीला पुढं ढकललं, तिचं लग्न ठरलं होतं. बाईनं तिला खुर्चीत बसवलं, हातावर लाडू ठेवला आणि नाव घेऊन धवला धरला. दीड मिनिटानं घंटा वाजली. बाई गातच राहिली. दुसऱ्या घंटेला तिनं नुसता हात वर करून त्यांनाच गप्प बसवलं. पोर सासरी निघते त्या ओळीला तिचे डोळे नेहमी भरायचे, तसे तिथंही भरले. वीस मिनिटांनी धवला पुरा झाला.

पाड्यावरच्या पोरींना घेऊन आम्ही बाईच्या घरी कार्यक्रम पाहिला, तर टीव्हीवर दिसले ते फक्त ते डोळे. मागं रडकं व्हायोलिन, खाली 'गरिबीशी झुंज'. धवला दुसऱ्याच ओळीत कापलेला.

"मी गरीब कदी झाली गो?" असं म्हणून बाई आधी हसली. मग तिचा चेहरा उतरला. "त्या पोरीचा धवला तोडला यांनी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला घेऊन गेलेला मीच ना! पण पोरी माझ्यापेक्षा भडकल्या होत्या. "आजी, पुरा म्हन. आमी पन म्हनतो." "नवरी कोन?" "तीच, कल्यानची." बाईनं तिथंच अंगणात बसकण मारली आणि एकेक ओळ त्यांच्याकडून म्हणवून घेतली. मग दर रविवारी पोरी येऊ लागल्या.

गेल्या वर्षी बाई गेली. यंदा पाड्यावर लग्न निघालं तेव्हा त्यातल्या चौघी नवरीपाशी बसून गात होत्या. डीजेवाल्यानं घाई करत बटणाकडे हात नेला, तशी एक जण कडाडली, "थांब रे! पुरा होऊ दे."

मी मांडवाच्या मागं जाऊन पोटभर रडलो.