लेक, लाइन आणि लेन्स

मला माझ्या दोन जुन्या झूम लेन्स विकायच्या होत्या. मुरबाडच्या एक बाई बघायला आल्या. चाळिशीच्या, लग्नाचे फोटो काढणाऱ्या. त्यांच्याकडे पैसे एकीपुरतेच होते.

"दादा, आज टोकावड्याला लेकीची कबड्डी हाय. तितंच दोनी लावून बघू," म्हणाल्या आणि मला स्कूटरवर मागे बसवून निघाल्या.

मैदानाभोवती पुरुषांची भिंत होती. बाईंनी पदर खोचला आणि मागे उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढल्या, पाठोपाठ मी. आधी त्यांनी आपल्या कॅमेऱ्याला लांब पल्ल्याची लेन्स लावली. लेकीचा घामेजला चेहरा पडदाभर आला. हीच घेणार, असं मला वाटलं. त्यांनी मान हलवली.

"नुसती पोरगी जवल आनून काय करू? लाइन बी दिसाया पायजे."

कमी पल्ल्याची लावली तोवर शेवटची चढाई आली. लेकीचा संघ एका गुणाने मागे होता. ती आत शिरली आणि चौघींनी तिला पायाला धरून पाडलं. बाईंचं बोट बटण दाबतच राहिलं. पोरगी धुळीत सरपटली, हात लांबवला. शिट्टी झाली.

फोटोत सगळं होतं. पायाला लोंबकळणाऱ्या चौघी, उडालेली धूळ आणि मध्यरेषेवर टेकलेली दोन बोटं.

"हीच घेतली!" ओरडत बाई गर्दीत घुसल्या. "सरका रे, माजी पोरगी जिकली!"

मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं. तरी ट्रॉलीवर उभा राहून, माझीच लेक असल्यासारखा शिट्ट्या मारत होतो.