इकणार न्हाई

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत तळमजल्यावर बार होता. आजची मुलं बार म्हटलं की लाल-निळे दिवे आणि गाणी डोळ्यांसमोर आणतात. आमच्या बारमध्ये दोन बाकडी, काचेचे थोडे पेले, उकडलेल्या अंड्यांचं पातेलं आणि माझी आई एवढंच होतं. तेव्हा दारूबंदी होती, त्यामुळे बार हा शब्द कुणी उच्चारत नसे. लोक म्हणत, ‘खालच्या खोलीत जाऊन येतो.’ खालची खोली म्हणजे आमचं घर. आम्ही तिथेच जेवायचो, तिथेच झोपायचो, आणि गिरणीची पहिली पाळी सुटली की मी पुस्तकं उचलून माळ्यावर चढायची.

वडील गिरणीत होते. ते गेल्यावर आईला कुणी कुणी कामं सुचवली, त्यातलं हे एक घरात बसून करण्यासारखं होतं, म्हणून तिनं ते धरलं. इतकी साधी गोष्ट होती. पुढे लोकांनी त्यात तिची चालचलणूक शोधली, आणि शोधणाऱ्यांत आमच्याकडे पेला रिकामा करून गेलेलेच जास्त होते. ती स्वतः थेंबभरही घेत नसे. त्या वासानं तिचं डोकं दुखायचं. कपाळाला फडकं बांधून ती पेले भरायची.

मी मॅट्रिकच्या वर्गात होते. शाळेत ‘गुत्तेवालीची’ एवढं म्हटलं की पुरे, माझं नाव कुणाला लागत नसे. मला त्या खोलीची लाज वाटायची आणि लाजेपेक्षा राग जास्त यायचा. पण खोटं कशाला बोलू, खालच्या गप्पा मी माळ्यावरून चवीनं ऐकायची. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. मोर्चातून आलेल्या माणसांचे घसे बसलेले असायचे, तरी बोलणं थांबत नसे. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत काम करणारा एक जण होता. पोटात दोन पेले गेले की तो अख्खं मंत्रिमंडळ घरी पाठवायचा. आई म्हणायची, “आधी बाकड्यावरनं पाय खाली घ्या, मग सरकार पाडा.”

त्या साली थंडीच्या दिवसांत आमच्या चाळीनं धम्मदीक्षा घेतली. आईनं पांढरं लुगडं नीळ घालून धुतलं आणि आम्ही सगळे चालत मैदानावर गेलो. पुढून एकेक प्रतिज्ञा सांगितली जात होती आणि मैदान ती मागून म्हणत होतं. कर्णा आमच्यापासून लांब होता, त्यात वारा. चोरीची प्रतिज्ञा झाली, खोटं न बोलण्याची झाली, मग दारूची आली. मी म्हटलं, “मी दारू पिणार नाही.” शेजारी आई खणखणीत आवाजात म्हणाली, “म्या दारू इकणार न्हाई.”

आई साताऱ्याकडची. विकणं हा शब्द तिच्या तोंडी ‘इकणं’ असा यायचा. कर्ण्यातून ‘पिणार’ निघालं आणि तिच्या कानात ‘इकणार’ शिरलं. आजूबाजूच्या बायकांनी माना वळवल्या. मी तिला कोपरानं ढोसलं, पण ती पुढच्या प्रतिज्ञेला लागली होती.

घरी येताना वरच्या मजल्यावरचे काका, म्हणजे वडिलांचे गिरणीतले दोस्त, हसत हसत म्हणाले, “वैनी, पिणार नाही असं होतं ते. विकण्याचं कुणी काढलंच नाही.”

आई चालता चालता थांबली. “असं व्हय?”

“मग! तुम्ही कुठं पिता? तुमची प्रतिज्ञा पाळून झालीच म्हणायची.”

सगळ्यांनाच हायसं वाटलेलं दिसलं. त्यातले निम्मे आमचं गिऱ्हाईक होते. आई पुढे चालू लागली. चाळीच्या दाराशी आल्यावर म्हणाली, “जे म्या कधी केलंच न्हाई, ते सोडाया दीक्षा कशाला पायजे? माझ्या तोंडातनं गेलं ते गेलं.”

आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं पेले भरणं बंद केलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण लगेच मी फीचा हिशेब करायला लागले. त्या पेल्यांवर आमची चूल चालत होती आणि माझी शाळाही. मॅट्रिकच्या तोंडावर शाळा सुटली असती तर मी जन्मभर गुत्तेवालीचीच राहिले असते, तेही गुत्ता बंद झालेला असताना. काका समजावून गेले. शेजारणी समजावून गेल्या. आई ऐकायची, मान हलवायची आणि अंडी उकडायला ठेवायची.

मग मालवाला आला. आमचा माल शिवडीच्या खाडीकडून, चिखलातल्या भट्ट्यांवरून यायचा. मोटारीच्या चाकातल्या रबरी ट्यूबमध्ये भरलेला. त्याची माणसं ती ट्यूब पोटाला गुंडाळून वरून ढगळ सदरा घालायची आणि निवांत पान खात चाळीत शिरायची. मालवाला स्वतः कधी ट्यूबला हात लावत नसे. त्या दिवशी दुपारी त्याचा माणूस भरलेली ट्यूब टाकून गेला, आणि मागोमाग हा इस्त्रीच्या कपड्यांत येऊन बाकड्यावर बसला.

“बाय, ऐकलं ते खरं काय?”

“खरं.”

“अगं पण पिणार होतं ते.”

“ठावं हाय मला.”

तो ओरडला नाही, हेच वाईट होतं. त्यानं वर माळ्याकडे पाहिलं. “बरं. तू नको देऊ. ही पोरगी तर बरोबर बोलली म्हणतात. पिणार नाही बोलली ना? मग हिनं द्यायला काय वांधा आहे? खोली चालू राहील, हिची शाळा पण.”

मी शुद्ध बोलते याचा मला भारी तोरा होता, आणि त्यानं नेमकं तेच धरलं. मी आईकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. “तिचं तिला इचारा,” एवढंच म्हणाली.

मी शिडीवरून खाली उतरले. डोकं तापलं होतं, आणि माझं डोकं तापलं की जीभ आपसूक चालते.

“मला बी इकणारच ऐकू आलं,” मी म्हणाले. “म्या बी तेच म्हनले.”

खोटं न बोलण्याची प्रतिज्ञा घेऊन आठवडाही झाला नव्हता. त्याचं मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही.

तो हसला. “ठीक आहे. ट्यूब राहू दे. दोन दिवसांत अक्कल येईल.”

“ऱ्हाणार न्हाई,” आई म्हणाली. “तुमचा माल, तुमी न्या. म्या गटारात बी वतणार न्हाई आन घरात बी ठेवणार न्हाई.”

“माणूस गेला माझा.”

“तुमी हाय की.”

दारात एव्हाना चाळ जमली होती. ट्यूब टाकून जावी तर ती कुणाची हे सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि एवढ्या लोकांसमोर भर दुपारी ती खांद्यावर घेऊन निघणंही त्याला परवडणारं नव्हतं. तो लालबुंद झाला. शेवटी त्यानं सदरा वर केला आणि मी ट्यूबचं एक टोक धरून ती त्याच्या पोटाला गुंडाळून दिली. इस्त्रीचा सदरा वरून काही बसेना. तसाच फुगलेल्या पोटावर हात दाबून तो जिना नसलेल्या आमच्या घरातून जिना उतरावा तसा जपून बाहेर पडला. वरच्या गॅलरीतून कुणीतरी विचारलं, “शेठ, कितवा महिना?”

पुढचे महिने वाईट गेले. आई शिवडीच्या गोदामात धान्य निवडायला जाऊ लागली. बरंचसं गिऱ्हाईक पुढच्या गल्लीतल्या खोलीत गेलं. काही जण मात्र येत राहिले, कारण तिकडे प्यायला मिळायचं पण बोलायला मिळायचं नाही. ते चहा प्यायचे, भांडायचे, आणि मी पुस्तक उघडलं की आवाज खाली आणायचे. मी मॅट्रिक झाले. मग नोकरीला लागले.

राज्य मिळालं त्या संध्याकाळी भोईवाड्यात गुलाल आणि ढोल. वखारीतला तो माणूस नाचत नाचत आमच्या दारात आला. डोळे भरलेले, हातात बाटली.

“वैनी, आज तरी! मुंबई मिळाली आपल्याला. एकेक पेला या खोलीत, बस.”

आई उंबऱ्यात उभी राहिली.

“तुमाला सरकार म्हनत होतं ना, मुंबई सोडा, बाकीचं घ्या?”

“म्हणत होतं.”

“सोडली का?”

“नाही सोडली.”

“मग मला माझा शबूद का सोड म्हनता?”

त्यानं बाटली बाहेर भिंतीशी ठेवली आणि आत येऊन बसला.