‘तिसरी पाळी’तली पारूबाई

पारूबाई शिवशरण यांनी आयुष्यात एकाच सिनेमात काम केलं आणि तो सिनेमा सोलापुरात कधी लागलाच नाही. त्यामुळे गल्लीत या गोष्टीवर विश्वास ठेवणारे थोडे आणि त्यावरून चिडवणारे पुष्कळ. भाजीवालासुद्धा त्यांना ‘हिरॉइन’ म्हणतो. पारूबाई खुशाल ओ देतात. “हायच की हिरॉइन. तुज्या बापानं केलंय का पिक्चरमदी काम?”

सिनेमाचं नाव ‘तिसरी पाळी’. मोहोळच्या आदिनाथ क्षीरसागर या तरुणाने चार मित्रांच्या जोरावर तो १९९८ साली काढला. सोलापुरात यंत्रमागाच्या पाळ्या दोन, दिवसाची आणि रात्रीची. तिसरी म्हणजे आडून चालणारा धंदा. कारखान्यातल्या हिशेबनिसाचा खून होतो, त्याचा भाऊ मारेकऱ्याला शोधत काळोखातून हिंडतो आणि शेवटी आपलेही हात स्वच्छ नाहीत हे त्याला उमगतं. पुण्यात आणि केरळात एकेका महोत्सवात दाखवल्यावर सिनेमाचे डबे बंद झाले ते झालेच. आदिनाथ पुढे पुण्यात शिकवू लागले.

पारूबाई तेव्हा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागांसाठी सुताच्या कांड्या भरायच्या. भरलेल्या कांड्यांची पाटी घेऊन मागामागातून फिरायचं, हे त्यांचं काम. सिनेमातही तेच होतं. पाटी घेऊन जाणाऱ्या बाईला मेलेल्याचा भाऊ अडवतो आणि विचारतो, खुनाच्या रात्रीचा टेम्पो कुठे गेला? तिने सांगायचं, “टेम्पो वळसंगकडं गेला. आत दोघं होते.” ती साक्ष मिळाली म्हणून भाऊ वळसंगला जातो. पुढची अर्धी गोष्ट त्या एका वाक्यावर उभी आहे.

चित्रीकरण भरदुपारी झालं. खिडक्यांना कारखान्यातल्याच चादरी लावल्या की शेडमध्ये रात्र व्हायची. मालकाने जागा दिली, पण माग थांबवायला नकार दिला. त्या खडखडाटात काहीच ऐकू येत नव्हतं. तशी त्याची गरजही नव्हती, कारण संवाद नंतर पुण्यात भरायचे होते. पुण्यातल्या एका बाईंनी ते भरले. सिनेमात पारूबाईंचं तोंड होतं, आवाज दुसरीचा.

गेल्या वर्षी मुंबईतल्या एका छोट्या कंपनीने ‘तिसरी पाळी’ दुरुस्त करून ब्लू-रे डिस्कवर काढायचं ठरवलं. मूळ निगेटिव्ह चांगली निघाली. आवाजाच्या फितीला मात्र बुरशी लागली होती आणि नेमक्या कारखान्याच्या रिळातले संवाद गेले होते. नायकाने आपले पुन्हा भरून दिले. पुण्याच्या त्या बाईंचा पत्ता लागला नाही. तेव्हा आदिनाथना पहिल्यांदाच सुचलं की जिचं तोंड आहे तिलाच विचारावं.

“एवढ्या वर्सांनी आठवन झाली व्हय?” पारूबाई फोनवर म्हणाल्या. “येते की. कवा येऊ?”

रेकॉर्डिंग सोलापुरातच ठेवलं. लग्नाची गाणी आणि भीमगीतं ध्वनिमुद्रित करणारी एक खोली आहे, तिथे. पारूबाईंसोबत त्यांची मुलगी दीक्षा आली आणि न बोलावता ईरम्माही आली. ईरम्मा अक्कलकोटकडची, घरी कानडी बोलणारी. पलीकडच्या यंत्रावर तिने वर्षानुवर्षं कांड्या भरल्या होत्या.

पडद्यावर चित्र आलं. पूर्वी नुसतं धुकट दिसायचं, आता पाटीतली एकेक कांडी मोजावी इतकं लख्ख. पारूबाई माइकसमोर उभ्या राहिल्या. “टेम्पो वळसंगकडं गेला,” त्या म्हणाल्या. पडद्यावरचे ओठ त्याआधीच मिटले. पुन्हा म्हणाल्या. पुन्हा तेच. सावकाश म्हणून झालं, घाईने म्हणून झालं. ओठ वेगळंच काही बोलत होते.

आदिनाथनी चष्मा काढून डोळे चोळले. “मावशी, तुमची चूक नाही. तेव्हासुद्धा हे जुळलं नव्हतं. चित्र काळपट होतं, त्यात खपून गेलं. आता खपणार नाही.”

“मग?”

“तुमचा चेहरा काढतो. त्या जागी नायकाचा चेहरा राहील, ऐकणारा. आवाज तुमचाच. पाटी घेऊन येताना लांबून दिसाल तुम्ही.”

“लांबून म्हंजे पाठमोरी?”

“थोड्याशा.”

पारूबाईंनी कानावरचे हेडफोन काढून ठेवले. “सर, गल्लीत मला हिरॉइन म्हनत्यात. पाठमोरी हिरॉइन कुटं बघितली का तुमी? तोंड ठेवनार असाल तर आवाज देते. न्हायतर पुन्याची बाई हुडका.”

पडद्यावर तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरत होता, बिनआवाजी. मागे बसलेली ईरम्मा अचानक पदर तोंडाला लावून हसायला लागली.

“अय्यो पारूअक्का! टेम्पोबिम्पो काय न्हाय म्हनली तू. ‘सर बाजूला, धोटा उडंल’ म्हनली की गं!”

मागाच्या शेडमध्ये घसा कोणी फोडत नाही. ओठ हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. नवी बाई महिन्याभरात शिकते. पुण्याहून आलेला नायक त्या दिवशी नेमका मागाच्या अंगाला, आडवा धागा घेऊन धावणारा धोटा सुटून उडाला तर डोक्यात बसेल अशा जागी टेकून उभा होता. कॅमेरा चालू झाला, त्याने टेम्पोचं विचारलं आणि पारूबाईंनी शेडमध्ये कुणीही सांगितलं असतं तेच त्याला सांगितलं. तो सरकला. त्या मागाकडे वळल्या, रिकाम्या कांड्या उचलल्या आणि चालू लागल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सांगायचं वाक्य राहून गेलं हे त्यांनाही कधी कळलं नव्हतं.

“खरंच की,” पारूबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. “ते टेम्पोचं राहिलंच.”

“आईनं हिरोला वाचवलं,” दीक्षा म्हणाली.

“वाचवलं हो,” आदिनाथ म्हणाले, “पण मग तो वळसंगला कशाला जातो?”

हा प्रश्न रास्त होता. गोष्टीला टेम्पो हवाच होता. आदिनाथनी तुकडा पुढे-मागे करून पाहिला. पारूबाईही पाहत होत्या. मागाकडे वळून त्या कांड्या उचलतात तेवढा वेळ त्यांची पाठच दिसत होती.

“थांबवा,” त्या म्हणाल्या. “तोंड हाय तितं धोटा बोलते. पाठ झाली की टेम्पो. पाठीला कुटं ओट असत्यात?”

आदिनाथनी तुकडा पुन्हा लावला. बाई त्याला बाजूला व्हायला सांगते आणि मग त्याच्याकडे न बघता, काम करता करता, साक्ष देऊन टाकते. भेदरलेली साक्षीदार अशीच बोलेल. “पण आवाज,” ते म्हणाले. “चेहरा पस्तिशीचा आणि आवाज साठीचा.”

“कांड्या भरनाऱ्या बाईचा आवाज पस्तिशीतच साठीचा हुतो, सर. रुई बसती घशात. हिला इचारा.”

ईरम्माने विचारायची वाट न बघता खाकरून दाखवलं.

दुसऱ्याच खेपेला जुळलं. पारूबाईंनी धोट्याचं वाक्य दाबून म्हटलं आणि टेम्पोचं सपाट, भाजीचा भाव सांगावा तसं. आदिनाथनी मान डोलावली आणि तिसऱ्यांदा म्हणायला लावलं नाही.

डिस्क उन्हाळ्यात आली. काळं खोकं, वर नायकाची सावली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत नावं, त्यांत पारूबाई शिवशरण. डिस्क लावायचं यंत्र गल्लीत कोणाकडेच नव्हतं. दीक्षाच्या ऑफिसातल्या एकाने मुलाच्या गेमचं यंत्र रविवारी आणून दिलं. घरात मावतील तितकी माणसं बसली, उरलेली दारात. भाजीवाला उंबऱ्यावर. ईरम्मा सगळ्यांत पुढे.

कारखान्याचं दृश्य आलं. पडद्यावरच्या पारूबाई नायकाकडे वळल्या, म्हणाल्या, “सर बाजूला, धोटा उडंल,” आणि पाठ फिरवून टेम्पोचं सांगून निघून गेल्या.

सिनेमा पुढे चालू राहिला. भाऊ वळसंगच्या रस्त्याला लागला.

“एवढंच?” भाजीवाला म्हणाला.

“एवढंच,” पारूबाई म्हणाल्या. “म्होरं बघ आता गप. मी सांगितलं नसतं तर तो गेला असता व्हय तिकडं?”